थयच?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आत्या आली. एसटीतून उतरता उतरता तिने दोन पिशव्या माझ्या हातात कोंबल्या, एका हाताने पदर सावरला आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरला. धरला म्हणजे चाचपला, बाजारात भोपळा घ्यायच्या आधी चाचपतात तसा. "काय रे झिला, रोडावलंस किती! अंगार मास म्हणून नाय. बायल खावक घालता मां?" मालवणच्या स्टँडवर ही गर्दी, चाकरमान्यांच्या गाड्यांवर गाड्या लागत होत्या, दोन ओळखीचे चेहरे वळून हसले. मीही हसलो. पिशव्यांत तिच्या दारच्या माडाचे नारळ होते, पंधरा-वीस तरी असतील. माड आमच्याही दारात आहेत, पण तिच्या नारळाचं खोबरं मोदकाला गोड लागतं असं तिचं म्हणणं, आणि त्यावर आमच्या घरात कुणी वाद घालत नाही. पिशव्या बोटांत अडकवून घरापर्यंत आणल्या. बोटांना काही झालं नाही. दंडाला मात्र तिची चार बोटं रात्रीपर्यंत लागत राहिली.

कारण त्याच्या आठवडाभर आधीच मी डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहण्यात, १८० किलो उचलले होते.

आमची जिम बाजारात एका खानावळीच्या वर आहे. संध्याकाळी सहा-साडेसहाला खाली वाटपाचं खोबरं भाजायला घेतात, सातच्या सुमारास बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पडतात आणि तो वास जिन्यावरून वर येऊन बेंच प्रेसपाशी उभा राहतो. श्रावणात हा छळ असतो. खरं तर किनाऱ्यावर राहून अंग कमावणाऱ्याला जून ते गणपती हा सगळाच काळ कठीण. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, म्हणून बाजारात ताजं मासळं जेमतेम आणि असेल ते सोन्याच्या भावाचं. ते सुरू होतंय म्हणेतो श्रावण, आणि आमच्या आईचा श्रावण म्हणजे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत नाही. किलोमागे दीडेक ग्रॅम प्रोटीन रोज पोटात जायला हवं असं म्हणतात. माझ्यासारख्या चौऱ्याहत्तर किलोच्या माणसाला ते एकशेदहाच्या आसपास पडतं. ते भरायला मी कुळथाच्या पिठीवर आणि दह्यावर दिवस काढतो. कुळीथ काही कमी नाही, शंभर ग्रॅममध्ये वीस-बावीस ग्रॅम निघतं. पण पिठी पातळ असते, आणि शंभर ग्रॅम कुळथाची पिठी एकट्याने संपवून बघा कधीतरी.

तर त्या संध्याकाळी बाहेर पाऊस आणि आत घाम, दोन्ही सारखेच. खाऱ्या वाऱ्याने इथं कुठलंच लोखंड लोखंड राहत नाही. बारला आम्ही आठवड्याला मशीनचं तेल लावतो, तरी सोमवारी हात गेरू लागल्यासारखे तांबडे होतात आणि नडगीवर गंजाची रेघ उमटते. हाताला लावायच्या चॉकची पूड पावसाळ्यात गोळे धरते, म्हणून ती स्टीलच्या डब्यात, मिठाच्या बरणीत टाकतात तसे तांदळाचे दाणे टाकून ठेवलेली असते. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर येतो. आमच्या लोखंडी प्लेटा त्याहून लहान, त्यामुळे बार खाली बसतो. ती उंची भरून काढायला जिमवाल्याने एका पाडलेल्या घराच्या दाराच्या दोन फळ्या आणून टाकल्यात, फणसाच्या. डाव्या फळीला अजून कडीचं भोक आहे. बारपाशी वाकलो की नजर त्या भोकावर जाते. १८० तिथंच बघत उचलले. पोटात श्वास भरला, कमरेचा पट्टा टम्म झाला, ओढायला लागलो आणि काहीच झालं नाही. मग बार मधोमध किंचित वाकला, प्लेटा एकमेकींवर टक् करून वाजल्या, पण फळी सोडेना. एक, दीड, दोन सेकंद. असा वेळ दुसरीकडे कुठे मी अनुभवलेला नाही. मग कुठूनतरी सुटला. नडगीला घासत गुडघ्यापर्यंत आला, तिथं मांड्या थरथरल्या, आणि मी ताठ उभा होतो. कानात घूं असा आवाज.

जिममध्ये तेव्हा चार पोरं होती. दोघांच्या कानात इअरफोन. चौघेही आरशात.

टाकला मात्र नाही. आमच्याकडे बार टाकायची सोय नाही. खानावळीच्या काकी एकदा प्लेट आपटली की काठीने स्लॅब ठोकतात, दुसऱ्यांदा आपटली की जिन्यावर येऊन ओरडतात, "मेल्यांनो, खाली माणसां जेवतत!" त्यामुळे जो काही उचलाल तो तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा खाली ठेवायचा. नुसती ताकद वाढवणारे हे सहसा टाळतात. खाली आणताना शक्ती जाते, दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या मागचे स्नायू इतके धरतात की संडासात बसणं अवघड. पण स्नायू वाढायला हेच सावकाश खाली येणं उपयोगी पडतं, ताणत ताणत भार सोसणं. म्हणजे माझ्या मांड्यांना जो काही आकार उरला आहे त्याचं श्रेय काकींच्या काठीला. त्यांना हे सांगायची हिंमत होत नाही.

साईज आणि ताकद हे दोन वेगळे रस्ते आहेत, हे मला फार उशिरा कळलं. एकोणीस वर्षांचा असताना असा काही फरक असतो हेच माहीत नव्हतं. मे महिन्यात लालबागहून चुलतभाऊ यायचा. त्याच्या शर्टाच्या बाह्या दंडाला अशा घट्ट बसलेल्या असत की काजू काढायला हात वर केला की शिवण करकरायची. तो व्यायामशाळेत जायचा, तिथल्या मारुतीच्या तसबिरीबद्दल आणि शेजारी लावलेल्या मनोहर ऐच यांच्या फोटोबद्दल सांगायचा. १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स झालेला माणूस, उंची ४ फूट ११ इंच. भावाने तो फोटो मला नंतर दाखवला तेव्हा मला तो माणूस सहा फुटी वाटला होता. फोटोत उंची कळत नाही, फक्त आकार कळतो. मला तेच हवं होतं. मी बारीक होतो, आणि गावात बारीक पोराला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते बारीक पोरालाच ठाऊक. तेव्हा दंड मोठे व्हावेत असं वाटणाऱ्या पोरांना कुणी हसलं की मला राग येतो. त्यांना काय हवंय ते मला चांगलं माहीत आहे.

तेव्हा आम्ही तिघे मित्र संध्याकाळी 'बायसेप्स मारायचो'. दहा-बारा रेप, म्हणजे वजन उचलायच्या खेपा, शेवटचे दोन दात-ओठ खाऊन, मिनिटभर विश्रांती, परत. रक्त भरून दंड तट्ट फुगायचे, शिरा वर यायच्या, कातडी आतून ताणल्यासारखी वाटायची. हा पंप. तो टिकतो अर्धा तास, फार तर पाऊण. आम्ही तो वाया जाऊ देत नव्हतो. जिममधून थेट धक्क्यावर. घट्ट टीशर्ट, हात बगलेत लिंबं धरल्यासारखे किंचित फाकवलेले, नजर सिंधुदुर्ग किल्ल्याकडे, जणू शिवकालीन तटबंदीचा अभ्यास चाललाय. पुण्या-मुंबईचे पर्यटक होडीतून उतरत असायचे. त्यांच्यापैकी कुणी आमच्याकडे कधी पाहिल्याचं मला आठवत नाही, पण आम्ही रोज गेलो. अर्धा तास झाला की दंड उतरायचे आणि आम्ही वडापाव खायला वळायचो. पंचविशीत शिंप्याने मापाची टेप दंडाभोवती फिरवली आणि शेजारच्या पोराला ओरडून सांगितलं, "साडेपंधरा!" तो आकडा मी कितीतरी वर्षं खिशात घेऊन फिरलो.

मग पस्तिशीत एका सकाळी सिलिंडर संपला. भरलेला सिलिंडर मागच्या पडवीतून आत आणायचा, एवढंच. त्यात गॅस १४.२ किलो, वर तेवढंच लोखंड. साडेपंधरा इंची दंडांनी त्याची कडी धरली, मी वाकलो, आणि कमरेत अशी उसण भरली की तिथंच, सिलिंडरला मिठी मारून, गुडघ्यावर बसलो. बायको हसली. मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. बँकेत दहा दिवस रजा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बरा झाल्यावर म्हणाले, आता नीट वाकायला शिका. त्या शिकण्यातून मी डेडलिफ्टकडे आलो. सुरुवात नुसत्या बारने, वीस किलो.

पहिल्या दोन महिन्यांतच वीसचे ऐंशी झाले आणि मी चक्रावलो. अंगात काहीही वाढलेलं नव्हतं. नंतर वाचलं की सुरुवातीला ताकद वाढते ती बरीचशी मेंदूमुळे आणि मज्जातंतूंमुळे. स्नायू तेवढाच असतो, पण त्यातले झोपलेले धागे एका हाकेसरशी उठायला शिकतात. त्यामुळे नुसती ताकद हवी असेल तर शिकवणी वेगळी. वजन जड, रेप एक ते पाच, मधे चार-पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, आणि दमून कोसळायच्या आत थांबायचं. साईज हवी तर उलट. स्नायूला आकडा कळत नाही; त्याला तो कितीदा आणि किती थकला एवढंच कळतं. सहा रेप असोत की पंचवीस, शेवटचे दोन-तीन नकोसे व्हायला हवेत, आठवड्यात असे पुष्कळ सेट, म्हणजे रेपच्या फेऱ्या, पडायला हवेत, आणि ताटात भरपूर हवं. डेडलिफ्ट त्या कामाला तसा महागाचा सौदा. पाठीसकट सगळं अंग थकवतो आणि दंडाला तर फार काही देतच नाही. दंड तिथं नुसता दोर असतो, हूक आणि ओझं यांच्या मधला.

मला ते चार-पाच मिनिटांचं बसणं आवडायला लागलं, हे कबूल करतो. जिमच्या खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसतो. त्यावर कधी होडी असते, कधी नुसतं राखाडी पाणी. पोरं म्हणतात, सर जिममध्ये येऊन बसतातच जास्त.

या खेळातली माणसंही मला मग निराळी दिसायला लागली. लमार गँट नावाचा एक अमेरिकन होता. वजन साठ किलोच्या आसपास, पाठीचा कणा वाकडा. १९८५ साली त्याने स्वतःच्या वजनाच्या पाचपट, म्हणजे तीनशे किलो, जमिनीवरून उचलले. कणा वाकडा म्हणून धड आखूड पडलं आणि हात गुडघ्यांच्या जवळ गेले. बारला मग थोडंसंच अंतर कापायचं उरलं. जे अंग घेऊन शरीरसौष्ठवाच्या मंचावर त्याला कुणी उभं केलं नसतं, त्याच अंगाचा इथं फायदा झाला. दुसऱ्या टोकाला एडी हॉल. २०१६ साली इंग्लंडात लीड्सला ५०० किलो उचलणारा पहिला माणूस, उचलले आणि नाकातून रक्त आलं. तो डोंगराएवढा होता. तेव्हा आकाराचा ताकदीशी संबंधच नाही असंही कुणी म्हणू नये. एका मर्यादेपुढे वाढायचं तर मांसच लागतं. पण मला आवडतो तो गँट. बारीक पोरांचा पक्षपात असतो, त्याला इलाज नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या घराचं काम चाललं होतं. ट्रकमधून चिरे उतरवायला वाडीतलाच एक गडी होता. पन्नाशीचा असेल, वजन पंचावन्न किलोच्या वर नसावं. जांभ्याचा चिरा तीस-पस्तीस किलोचा असतो आणि त्याला धरायला कुठं काही नसतं, नुसत्या खरबरीत कडा. तो चिरा ट्रकच्या कडेला ओढायचा, मांडीवर टेकवायचा, मग कमरेच्या एका हिसक्याने पोटाशी आणून चालायला लागायचा. पाठ अशी गोल की आमच्या जिममधल्या कुणी पाहिली असती तर किंकाळी फोडली असती. मी कुंपणापाशी उभा राहून मोजले. दुपारपर्यंत दोनशे. म्हणजे सहा-सात हजार किलो, तेही मधल्या एका चहावर. दंड म्हणाल तर माझ्या मनगटाहून थोडे जाड. त्याच्या पोटावर तांबड्या धुळीचा एक चौकोन उमटला होता, बरोब्बर चिऱ्याच्या आकाराचा. बिडी ओढायला कुंपणाशी आला तेव्हा त्यानेच विषय काढला.

"व्यायामाक जातंस मां तू? किती उचलतंस?"

तेव्हा माझे १७० होते. "एकशेसत्तर."

"किलो?"

"किलो."

त्याने मान डोलावली. मनापासून. "किती खेपा?"

"एकच."

"आणि मगे?"

"मगे खाली ठेवतंय."

"खय?"

"थयच."

"थयच?" तो म्हणाला. त्यात चेष्टा अजिबात नव्हती. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मला आणखी काही सांगता येईना. त्याने बिडी विझवून कानावर ठेवली आणि ट्रककडे वळला. मग परत आला आणि हळूच म्हणाला की तुला ठाऊक असेल तर कमरेवरची एखादी चांगली गोळी सांग, रात्री कूस बदलता येत नाही. तेव्हा गड्याच्या अंगातली अस्सल ताकद आणि जिमची पोकळ ताकद वगैरे मला कुणी ऐकवू नये. चार मिनिटं खिडकीत बसायची सोय त्याला नाही, मला आहे. मी त्याला माझ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. पुढे तो गेला की नाही, विचारलं नाही.

आता आत्याकडे येतो. गणपतीच्या दिवसांत ती माझ्या पानात मोजून जास्तीचे मोदक वाढत होती आणि मी तिला १८० कसे सांगावेत याची जुळणी करत होतो. तिच्या भाषेत ते किती होतात? साडेतीन पोती तांदूळ? ती म्हणाली असती, मग वखारीत का नाही जात. गौरींच्या दिवशी रात्री सगळे भजनाला बसलेले असताना मी आईच्या शिवणाच्या डब्यातून टेप काढून न्हाणीघरात गेलो. चौदा पूर्ण नाही, पाव कमी. आधी वाटलं टेप आकसली असेल, म्हणून भिंतीवरच्या फरशीशी लावून पाहिली. टेप बरोबर होती. बाहेर झांजा वाजत होत्या आणि बेचाळीस वर्षांचा बँकेतला माणूस आत न्हाणीत एकदा डावा आणि एकदा उजवा दंड मोजत उभा.

विसर्जनाला गणपती उचलायचा मान आमच्याकडे एरवी वडिलांचा. यंदा त्यांनी मला खूण केली. शाडूची मूर्ती, अडीच फुटी, पाटासकट चाळीस किलोच्या पुढे. मला मनात हसू आलं, चाळीस म्हणजे माझी वॉर्म-अपचीसुद्धा सुरुवात नव्हे. पाय रोवले, पाठ सरळ केली, श्वास भरला, पाट उचलला. उठताना काही वाटलं नाही. वाटलं ते दारातून बाहेर पडल्यावर. बार असतो तो नडगीला, मांडीला घासत वर येतो. ओझं अंगाला जेवढं चिकटून तेवढं हलकं. देवाला असं पोटाशी धरता येत नाही. रंग लागतो, सोंड जपायची असते, शिवाय तो देव आहे. पाट हातभर पुढे, कोपरं वाकलेली, आणि सगळा भार तिथं, जिथं आत्याने चाचपून पाहिलं होतं. पाणंद उतरेपर्यंत ठीक होतं. वाळू लागल्यावर दंड कापायला लागले. 'गणपती बाप्पा मोरया'च्या गजरात कुणाच्या लक्षात आलं नसावं. भावाने मात्र काही न बोलता पाटाची दुसरी बाजू धरली, तोच लालबागवाला, आता पोट सुटलेला, पन्नाशीला टेकलेला. त्याचे दंड अजून तसेच आहेत. गुडघाभर पाण्यात गेल्यावर दोघांनी मिळून मूर्ती तीनदा बुडवली. परतताना त्याने ओला पाट काखेत मारला आणि विचारलं, "व्यायाम सोडलास काय रे?"

सोमवारी जिमला गेलो. श्रावण संपला होता, गणपती गेले होते, खालून तिरफळांचा वास येत होता आणि तो आता आपल्यालाही चालणार होता. दीडशेचे तीन सेट ओढले, नेहमीसारखे सावकाश खाली ठेवले, काकींची काठी वाजली नाही. मग एरवी मी पट्टा सोडून खिडकीत बसतो, तो न बसता आरशाच्या कोपऱ्यात गेलो आणि दहा-दहाचे डंबेल घेतले. शेजारच्या पोराने कानातला एक इअरफोन काढला. "सर, तुम्ही पण?" माझा अकरावा रेप चालला होता, उत्तर देता आलं नाही.

चार सेट मारले. खाली उतरलो तेव्हा दंड तट्ट होते. धक्क्यावरून आमच्या घरी जायला लांब पडतं. तिकडूनच गेलो.